गुळगुळीत घुमटावरून घसरणारी वस्तू घुमट कोठे सोडते : अकरावीत नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर असलेला विजयपूरचा गोलघुमट आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेला असतो. त्या घुमटाच्या बाहेरच्या माथ्यावर एखादी वस्तू ठेवली, घुमटाचा पृष्ठभाग पूर्णपणे घर्षणरहित आहे असे मानले आणि वस्तूला अगदी हलका स्पर्श केला, तर ती घुमटाला लगटून पायथ्यापर्यंत घसरत जाईल, की वाटेत कोठेतरी घुमट सोडून हवेत जाईल? अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि पुढे जेईई किंवा एमएचटी-सीईटीच्या तयारीत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो. अनेक विद्यार्थी त्याचे उत्तर पाठ करतात. परंतु ज्या एका विचारावर ते उत्तर उभे आहे तो नीट न समजल्यामुळे प्रश्नात थोडासा बदल झाला की अडतात. तो विचार असा, की पृष्ठभाग वस्तूला फक्त बाहेर ढकलू शकतो, स्वतःकडे ओढून धरू शकत नाही. खालची प्रत्येक पायरी या वाक्याशी जोडून वाचावी.

पहिली पायरी : गृहीतके लिहून काढा

कागदावर प्रथम चार गोष्टी लिहाव्यात. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, म्हणजे घर्षण शून्य आहे. घुमट जमिनीला पक्का बसवलेला आहे, तो हलत नाही. वस्तू इतकी लहान आहे, की तिला एक बिंदू मानता येईल. आणि माथ्यावर तिचा वेग जवळजवळ शून्य आहे. यांतील शेवटच्या गृहीतकातला ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अगदी माथ्यावर स्थिर ठेवलेली वस्तू तत्त्वतः तेथेच राहील. तो तिच्या समतोलाचा बिंदू आहे, मात्र तो समतोल अस्थिर आहे. म्हणून तिला नगण्य धक्का दिला असे समजायचे आणि गणितात सुरुवातीचा वेग शून्य धरायचा.

चिन्हेही येथेच ठरवून टाकू. वस्तुमान म, वेग व, गुरुत्व त्वरण ग, घुमटाची त्रिज्या त्र आणि पृष्ठभागाने वस्तूवर लावलेले अभिलंब बल न.

दुसरी पायरी : आकृती काढा आणि कोन कोठून मोजला ते ठरवा

अर्धवर्तुळ काढून त्याचा मध्यबिंदू दाखवावा. मध्यबिंदूपासून माथ्यापर्यंत एक उभी रेषा आणि वस्तू जेथे पोहोचली आहे तेथपर्यंत दुसरी त्रिज्या काढावी. या दोन रेषांमधील कोन म्हणजे थीटा. हा कोन उभ्या रेषेपासून मोजला आहे, हे आकृतीवरच लिहून ठेवणे हिताचे, कारण काही पुस्तकांत आणि काही प्रश्नपत्रिकांत तोच कोन आडव्या रेषेपासून दिलेला असतो. तेथे उत्तरातील कॉसच्या जागी साइन येतो आणि सहाव्या पायरीत निघणाऱ्या ४८.२ अंशांऐवजी ४१.८ अंश मिळतात. दोन्ही उत्तरे बरोबरच असतात, पण दिलेल्या पर्यायांत दोन्ही असली तर घोळ होतो.

वस्तू थीटा कोनापर्यंत आली, की मध्यबिंदूपासून तिची उंची त्र × कॉस थीटा इतकी राहते. म्हणजे माथ्यापासून ती त्र × (१ − कॉस थीटा) इतकी खाली आलेली असते.

तिसरी पायरी : वस्तूवरील बले दाखवा

बले दोनच आहेत. एक म्हणजे सरळ खाली काम करणारे वजन म ग आणि दुसरे म्हणजे मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने काम करणारे अभिलंब बल न. नव्याने शिकणारे विद्यार्थी येथे ‘अभिकेंद्री बल’ नावाचा तिसरा बाण काढतात, आणि पुढचे सगळे गणित बिघडते ते या बाणामुळे. अभिकेंद्री बल हे वेगळे बल नाही. जी बले प्रत्यक्षात वस्तूवर आहेत, त्यांची मध्यबिंदूच्या दिशेने जी बेरीज होते, तिला दिलेले ते नाव आहे. दोरीला बांधलेला दगड फिरवताना ते काम दोरीचा ताण करतो. येथे ते वजनाच्या एका घटकाला करावे लागते, आणि अभिलंब बल तर उलट दिशेने लावले जात असते.

वजनाचे दोन घटक करावेत. त्रिज्येच्या रेषेत, मध्यबिंदूकडे जाणारा घटक म ग × कॉस थीटा, आणि पृष्ठभागाच्या स्पर्शरेषेत खाली जाणारा घटक म ग × साइन थीटा. दुसरा घटक वस्तूचा वेग वाढवतो. पहिल्या घटकावर संपूर्ण प्रश्न उभा आहे.

चौथी पायरी : ऊर्जेवरून वेग काढा

घर्षण नाही, आणि अभिलंब बल नेहमी गतीच्या दिशेला लंब असल्यामुळे ते काहीही कार्य करत नाही. म्हणून वस्तूने गमावलेली स्थितिज ऊर्जा पूर्णपणे गतिज ऊर्जेत जाते.

½ म व² = म ग त्र (१ − कॉस थीटा)

म्हणून व² = २ ग त्र (१ − कॉस थीटा).

स्पर्शरेषेच्या दिशेने न्यूटनचा दुसरा नियम लावून, त्वरणाचे संकलन करूनही येथपर्यंत पोहोचता येते; पण कोन बदलत असल्यामुळे त्वरणही सतत बदलते आणि वाट उगाच लांबते. एकसमान त्वरणाची समीकरणे येथे वापरू नयेत, कारण त्वरण एकसमान नाहीच.

पाचवी पायरी : त्रिज्येच्या दिशेने समीकरण लिहा

वस्तू घुमटावर आहे तोवर ती वर्तुळाकार मार्गाने जात आहे. वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूला मध्यबिंदूच्या दिशेने व² ÷ त्र इतके त्वरण लागतेच. मध्यबिंदूच्या दिशेने असलेले एकूण बल म्हणजे वजनाचा घटक वजा अभिलंब बल. म्हणून

म ग कॉस थीटा − न = म व² ÷ त्र

उतरत्या फळीवरच्या गणितांचा सराव झालेले विद्यार्थी सवयीने न = म ग कॉस थीटा असे लिहून मोकळे होतात. सरळ फळीवर ते बरोबर असते, कारण तेथे फळीला लंब दिशेने वस्तूला त्वरण नसते. वक्र पृष्ठभागावर मात्र वस्तू सतत आतल्या बाजूला वळत असते, वळण्यासाठी बल लागते, आणि ते बल वजनाच्या घटकातून वजा होऊन जे उरते तेवढेच पृष्ठभागावर दाबले जाते. वस्तू जितकी वेगाने जाईल तितके वळण्यासाठी अधिक बल लागेल आणि पृष्ठभागावरचा दाब तितका कमी होईल. माझ्या मते ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की उरलेले केवळ बीजगणित आहे.

चौथ्या पायरीतील व² येथे भरले, की मिळते :

न = म ग (३ कॉस थीटा − २)

हे सूत्र मिळाल्यावर लगेच पुढे न जाता त्यात काही कोन भरून पाहावेत. माथ्यावर कॉस थीटा १ असल्यामुळे न = म ग, म्हणजे पृष्ठभाग वस्तूचे सगळे वजन पेलतो. ३० अंशांवर न वजनाच्या सुमारे ०.६ पट होते, ४० अंशांवर ०.३ पट आणि ४५ अंशांवर केवळ ०.१२ पट. दाब कसा झपाट्याने उतरतो हे या आकड्यांतून दिसते. त्याला दोन कारणे एकाच वेळी हातभार लावतात : कोन वाढल्यामुळे वजनाचा आत ओढणारा घटक कमी होत जातो, आणि वेग वाढल्यामुळे वळण्यासाठी लागणारे बल वाढत जाते.

आता मुद्दाम ५० अंश भरून पाहावेत. उत्तर उणे ०.०७ येते. उणे अभिलंब बल म्हणजे पृष्ठभागाने वस्तूला आत ओढायला हवे होते. परंतु घुमटाला हात नाहीत. म्हणजे ५० अंशांवर वस्तू घुमटावर असूच शकत नाही. वस्तू जर तारेत ओवलेला मणी असती, तर तारेने तिला आतल्या बाजूला खेचून धरले असते, तेथे उणे उत्तरालाही अर्थ राहिला असता आणि मणी खालपर्यंत तारेवरच राहिला असता. प्रश्नात ‘मणी’ आणि ‘तार’ हे शब्द दिसले, तर पृष्ठभाग सुटण्याची अट लावायची नाही.

सहावी पायरी : संपर्क सुटण्याची अट

न शून्य होते त्या क्षणी संपर्क सुटतो. म्हणून ३ कॉस थीटा = २, म्हणजे कॉस थीटा = २/३ आणि थीटा सुमारे ४८.२ अंश. त्या ठिकाणी वस्तू माथ्यापासून त्रिज्येच्या एक तृतीयांश खाली आलेली असते आणि तिचा वेग √(२ ग त्र ÷ ३) असतो. लेखी उत्तरात कॉस थीटा = २/३ एवढेच ठेवावे; हा काही ३० किंवा ६० अंशांसारखा ठरीव कोन नाही, आणि पुढच्या आकडेमोडीत २/३ हाच आकडा सोयीचा पडतो.

उत्तरात म, ग आणि त्र यांपैकी काहीच उरले नाही, याकडे लक्ष द्यावे. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीवर आहे, त्यामुळे येथे ग चे मूल्य सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. चंद्रावर ते याच्या साधारण एक षष्ठांश असते. दोन्हीकडे वस्तू ४८.२ अंशांवरच सुटेल. वेग आणि लागणारा वेळ मात्र वेगळा असेल.

सातवी पायरी : सुटल्यानंतर काय

संपर्क सुटला, की वस्तू प्रक्षेपित वस्तूसारखी वागते. त्या क्षणी तिचा वेग स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे आडव्या रेषेच्या खाली ४८.२ अंशांनी झुकलेला असतो. त्याचा आडवा घटक २/३ व आणि उभा घटक सुमारे ०.७४५ व. उरलेली उंची २/३ त्र. एवढ्यावरून वर्गसमीकरण सोडवले, तर वस्तू मध्यबिंदूपासून सुमारे १.१२५ त्र अंतरावर जमिनीवर पडते, असे निघते.

गोलघुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. तो पूर्ण अर्धगोल असून सपाट जमिनीवर ठेवला आहे असे मानले, तर वस्तू माथ्यापासून सुमारे ७.३ मीटर खाली आल्यावर सुटेल. त्या वेळी तिचा वेग सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर असेल, आणि ती घुमटाच्या पायथ्यापासून जेमतेम पावणेतीन मीटर पलीकडे पडेल. एवढ्या प्रचंड घुमटापासून एवढेसेच अंतर! वस्तू शेवटपर्यंत घसरत जाते असे अनेकांना वाटते त्याचे कारण हेच असावे. सुटलेली वस्तू पृष्ठभागापासून फार दूर जात नाही, ती त्याच्या कडेकडेनेच खाली येते.

आठवी पायरी : घरच्या कढईवर पडताळा

गणितावर विश्वास असला, तरी हा प्रयोग करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. एक गोल बुडाची, आतून-बाहेरून गुळगुळीत कढई घ्यावी. बुडाला सपाट ठसा असलेली कढई चालत नाही. काठ बाहेर वळवलेली तर मुळीच चालत नाही, कारण खाली येणारा तुकडा त्या काठावर आपटतो. कढई उपडी घालून तिच्या वक्रतेची त्रिज्या काढावी लागते, कारण बहुतेक कढया पूर्ण अर्धगोल नसतात. तोंडाच्या व्यासाचा निम्मा भाग अ आणि खोली ख मोजली, तर त्रिज्या = (अ² + ख²) ÷ २ख. उदाहरणार्थ, तोंड ३० सेंटीमीटर आणि खोली १० सेंटीमीटर असेल, तर त्रिज्या १६.२५ सेंटीमीटर येते. पुठ्ठ्यावर त्या त्रिज्येची कमान कापून ती कढईला बाहेरून लावून पाहावी. सगळीकडे नीट टेकली, तर कढई गोलाचा भाग आहे असे समजावे. खोली त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, तर तुकडा सुटण्याआधीच काठ येईल, म्हणून अशी उथळ कढई घेऊ नये.

घसरणारी वस्तू म्हणून बर्फाचा नखाएवढा, तळाशी सपाट तुकडा उत्तम. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या धातूवर त्याच्या खाली लगेच पाण्याचा थर तयार होतो आणि घर्षण खूप कमी होते. मात्र हात चपळ हवा, नाहीतर तुकडा वितळून संपतो.

आता कढई नुसती जमिनीवर उपडी ठेवून प्रयोग केला, तर काय होईल? वरच्या आकड्यांवरून तुकडा ५.४ सेंटीमीटर खाली आल्यावर सुटतो आणि जमिनीवर मध्यापासून सुमारे १५.३ सेंटीमीटरवर पडतो. काठ १५ सेंटीमीटरवर आहे. हा तीन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना दिसणार नाही. सुटल्यापासून काठाच्या पातळीपर्यंत येण्यास लागणारा वेळ ०.०४६ सेकंद आहे. मोबाइलच्या साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) धरल्या, तर तेवढ्या वेळात एखादीच चौकट मिळते. स्लो मोशनमध्ये १२० चौकटींवर पाच-सहा मिळतात. कॅमेरा कढईच्या बाजूने, बरोबर तुकड्याच्या पातळीवर धरला, तर त्या पाच-सहा चौकटींत तुकडा आणि कढई यांच्यामधली प्रकाशाची बारीक फट दिसू शकते.

याहून खात्रीची पद्धत अशी, की काठ जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच राहील अशा बेताने कढई एका अरुंद, जड डब्यावर उपडी बसवावी. माथ्याच्या बरोबर खाली जमिनीवर येणारा बिंदू आधी ओळंब्याने काठावरच्या समोरासमोरच्या दोन जागांवरून ठरवून घ्यावा. जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरावा म्हणजे तुकडा कोठे पडला त्याची खूण उमटेल. कान असलेली बाजू टाळून तुकडा सोडावा. तुकडा ४८.२ अंशांवर सुटत असेल, तर तो मध्यबिंदूपासून सुमारे २५.७ सेंटीमीटरवर पडला पाहिजे. तो काठापर्यंत कढईला लगटून येत असेल, तर काठाशी त्याचा वेग अधिक असेल, परंतु त्याची दिशा जास्त खाली झुकलेली असेल, आणि तो सुमारे २३ सेंटीमीटरवरच पडेल. पावणेतीन सेंटीमीटरचा हा फरक साध्या पट्टीने मोजता येतो. घर्षणामुळे तुकडा नेहमी अलीकडेच पडणार, पलीकडे नाही. म्हणून २३ सेंटीमीटरच्या स्पष्टपणे पलीकडे पडलेला तुकडा वाटेतच सुटला होता, असे म्हणता येते. २३ च्या अलीकडे पडलेल्या तुकड्यावरून मात्र काहीच ठरत नाही. तेथे घर्षण जास्त झाले असे समजून कढई पुसून पुन्हा सोडावा.

हाताने लागलेल्या धक्क्याची चिंता फार करू नये. माथ्यावर सुरुवातीचा वेग असेल, तर अट कॉस थीटा = २/३ + (सुरुवातीच्या वेगाचा वर्ग) ÷ (३ ग त्र) अशी होते. या कढईवर सेकंदाला १० सेंटीमीटर इतका धक्का लागला, तरी कॉस थीटामध्ये केवळ ०.००२ चा फरक पडतो. पण हेच सूत्र आणखी एक गोष्ट सांगते : सुरुवातीचा वेग √(ग त्र) इतका किंवा त्याहून अधिक असेल, तर वस्तू माथ्यावरच पृष्ठभाग सोडते आणि अजिबात घसरत नाही. कढईसाठी हा वेग सेकंदाला सुमारे १.२६ मीटर आहे, म्हणून टिचकी मारून तुकडा सोडू नये.

प्रयोग झाल्यावर जमिनीवरचे पाणी आणि रांगोळी लगेच पुसून घ्यावी, कारण ओल्या फरशीवर घरातल्या वयस्कर माणसांचा पाय घसरू शकतो.

नववी पायरी : प्रश्न बदलला तर

घुमट जमिनीला बसवलेला नसेल आणि गुळगुळीत जमिनीवर मागे सरकू शकत असेल, तर ऊर्जेच्या समीकरणात घुमटाची गतिज ऊर्जाही धरावी लागते आणि आडव्या दिशेने संवेग अक्षय्य ठेवावा लागतो. घुमट आणि वस्तू यांचे वस्तुमान समान असेल, तर कॉस थीटा = √३ − १ येते, म्हणजे सुमारे ४२.९ अंश, वस्तू लवकर सुटते. हा प्रश्न पहिल्यांदाच हाती घेऊ नये. बसवलेल्या घुमटाचे गणित कागदाकडे न पाहता मांडता येऊ लागले, की मगच याकडे वळावे.

घसरण्याऐवजी गोळी गडगडत येत असेल, तर ऊर्जेचा काही भाग तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो, तिचा वेग कमी राहतो आणि ती उशिरा सुटते. भरीव गोळीसाठी कॉस थीटा = १०/१७, म्हणजे सुमारे ५४ अंश; पोकळ गोळ्यासाठी ६/११, म्हणजे सुमारे ५६.९ अंश, बारीक कड्यासाठी १/२, म्हणजे बरोबर ६० अंश. येथे त्र म्हणजे घुमटाची त्रिज्या अधिक गोळीची त्रिज्या, कारण वर्तुळावर फिरतो तो गोळीचा मध्यबिंदू. ही उत्तरे गोळी सुटेपर्यंत न घसरता गडगडते असे मानून काढलेली आहेत. प्रत्यक्षात अभिलंब बल शून्याकडे जाऊ लागले, की त्यावर अवलंबून असलेले घर्षणही शून्याकडे जाते, आणि सुटण्याच्या थोडे आधी गोळी गडगडणे सोडून घसरू लागते. कढईवर बर्फाऐवजी काचेची गोटी सोडून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून आपली मोजमापे तपासावीत.